बीपी मिलिमीटरमध्ये का? बाबांना उत्तर हवंय

कातरसुई | रविवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटेल, पण घरात आठवडाभर यावरूनच चाललंय, म्हणून इथं टाकतोय.

बाबांनी बेळगावच्या शहापुरात पन्नास वर्षं शिंपीकाम केलं. वय ७४. मागच्या आठवड्यात दवाखान्यात नेलं तर बीपी निघालं १४६/८८. चिठ्ठीवर आकड्यांपुढं इंग्रजीत 'एमएम एचजी'. बाबांना इंग्रजी येत नाही, पण 'एमएम' बरोबर ओळखतात, कारण जन्मभर टेपची एक बाजू इंचाची आणि दुसरी सेंटीमीटरची. घरी आल्यापासून एकच पालुपद: "दाब म्हणता ना? मग मिलिमीटर कशाचे? माझं कुठलं माप घेतलं त्यांनी?"

मी म्हटलं, एचजी म्हणजे हिमोग्लोबिन असेल. बायको म्हणाली, ते एचबी. मुलगा नववीत आहे, तो म्हणाला एचजी म्हणजे पारा. पण तिथं पारा नव्हताच की! घड्याळासारखी तबकडी होती, काटा फिरत होता.

डॉक्टर म्हणालेत, आठवडाभर घरी मोजा, बहुतेक गोळी लागेल. बाबा म्हणतात, "माप कळल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. गोळीचंही तसंच."

तर, हे मिलिमीटर कशाचे?

---

उगाच आलो | ९:२०

एचजी = हळूहळू गरम. माझं सासरे मुक्कामाला आले की वाढतं. हलके घ्या.

---

मांडेवाली | ९:४१

मुलगा बरोबर आहे. एचजी म्हणजे पाराच. हायड्रार्जिरम या जुन्या नावातली दोन अक्षरं, अर्थ पाण्यासारखी चांदी.

आमची शाळा मराठी माध्यमाची, कन्नड सक्तीचं. कन्नडच्या बाईंनी फळ्यावर पाऱ्याला 'पादरस' लिहिलं आणि अख्खा वर्ग पायाचा रस म्हणून फिदीफिदी हसला. सगळ्यांना बाकावर उभं केलं होतं. त्यामुळं हा एक शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. बीपी म्हणजे रक्तदोत्तड, हा त्याच तासाला शिकलेला दुसरा शब्द.

---

जुना कंपौंडर | १०:१५

कातरसुई, बाबांना सांगा, माप तुमचं नाही. माप पाऱ्याचं आहे.

मी अडतीस वर्षं खानापूर भागातल्या एका खाजगी दवाखान्यात काम केलं. टेबलावर लांबट पेटी असायची. झाकण उघडून उभं केलं की आत काचेची नळी, बाजूला ० ते ३०० पर्यंत पट्टी, खाली पाऱ्याची टाकी. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबत जायचं. तीच हवा एकीकडं पट्ट्यात आणि दुसरीकडं पाऱ्यावर. पट्टा जितका आवळेल तितका पारा नळीत वर. हाताची नाडी लागेनाशी झाली की अजून तीसभर वर न्यायचं आणि मग चावी सैल करून सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या बेतानं हवा सोडायची. कोपराच्या खळगीत 'आला' (म्हणजे स्टेथोस्कोप, नवीन पोरांसाठी) लावून ऐकत बसायचं. पहिला 'टक्' आला की पारा कुठल्या रेघेवर आहे ते बघायचं, तो वरचा आकडा. टक टक करत आवाज पूर्ण गेला की खालचा.

म्हणजे बाबांच्या शिरेतल्या दाबानं १४६ मिलिमीटर उंच पाऱ्याचा खांब पेलला, एवढाच अर्थ. आता यंत्रात पारा नाही, पण काट्याची तबकडी आखली ती पाऱ्याशी ताडूनच.



---

उद्यमबाग | १०:५८

कंपौंडरकाकांना अनुमोदन. थोडी भर घालतो, फाउंड्री आणि हायड्रॉलिक्समध्ये दिवसभर गेजकडंच बघतो म्हणून.

दाब म्हणजे एवढ्या जागेवर एवढा जोर. पण द्रवाचा खांब उभा केला तर तळाला पडणारा दाब फक्त खांबाच्या उंचीवर आणि द्रवाच्या घनतेवर ठरतो. नळी करंगळीएवढी असो की पिंपाएवढी, फरक नाही. त्यामुळं नुसती उंची सांगितली की दाब सांगून झाला. म्हणून लांबीचं माप दाबाला चालतं.

पारा का, तर तो पाण्याच्या १३.६ पट जड. १२० मिमी पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर नळी १ मीटर ६३ सेंटीमीटर लागेल. डॉक्टर स्टुलावर उभा राहून रीडिंग घेतोय असं डोळ्यांपुढं आणा. हे कोणी केलं नाही असं नाही. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या रक्तवाहिनीला सरळ काचेची नळी जोडली होती. रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ साली त्यानं ते छापलं. पुढं १८२८ मध्ये प्वाझय नावाच्या फ्रेंच माणसानं पाऱ्याची वाकडी नळी वापरली आणि आठ फुटांचं काम टेबलावर आलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर १२० म्हणजे चौरस सेंटीमीटरला ०.१६ किलो. गड्यांना सांगितलं तर म्हणतात, "साहेब, पाव किलोपण नाही, एवढ्यासाठी गोळ्या खाताय?" घरचा कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत साधारण एक किलो असतो, म्हणजे बीपीच्या सहापट.

---

उगाच आलो | ११:०४

म्हणजे बायको म्हणते "तुमची शिट्टी व्हायला आली", तेव्हा माझं बीपी ७३५?

---

उद्यमबाग | ११:०९

तेव्हा अॅम्ब्युलन्स नको, गॅसकेट बघा.

---

भौतिकशास्त्र नापास | ११:३०

माझी शंका खरीच आहे, हसू नका. शाळेत हवेचा दाब ७६० मिमी पारा शिकवला. मग माणसाचा दाब १२० कसा? बाहेरचा सहापट असेल तर आपण चपटे व्हायला हवं.

---

उद्यमबाग | ११:४७

हसणार नाही, आमच्याकडं डिप्लोमा झालेली पोरंसुद्धा इथं अडकतात. १२० हा हवेच्या *वरचा* दाब आहे. पट्टा सैल असताना गेज शून्य दाखवतं, पण हवा तर तेव्हाही आहेच. टायरवाल्याचं गेजही हातात धरलं की शून्यच. खरा हिशोब करायचा तर हवा अधिक १२०.

आणि ७६० हे समुद्रकाठचं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथं हवा साधारण ६९५ मिमी. घाट उतरून सावंतवाडीला गेलात की साठेक मिलिमीटर जास्त हवा डोक्यावर. बीपीच्या आकड्यात त्याची वजाबाकी आधीच झालेली असते, त्यामुळं फरक दिसत नाही.

---

कडोलीचा गडी | दुपारी १:२०

आता मला कळलं बघा! आमच्या विहिरीवर वर पंप ठेवला तर पाणी वीस-बावीस फुटांच्या पलीकडं ओढत न्हाई. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप पायरीवर उतरवायला लागतोय. फूटव्हॉल्व्ह (आमच्यात फुटबॉलच म्हणत्यात) बदलला, पॅकिंग बदललं, मेस्त्रीनं तीनदा पैसे घेतले. मग एक जण म्हणाला, पंप ओढत नसतोय, हवा ढकलतीय. तवा मी त्याला येड्यात काढलं होतं.

---

उद्यमबाग | १:४४

तो माणूस टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाचा वंशज असणार. नेमकं हेच कोडं इटलीतल्या पंपवाल्यांना पडलं होतं, की ३४ फुटांवर पाणी का चढत नाही. १६४३-४४ च्या सुमारास टोरिचेल्लीनं पाण्याऐवजी पारा घेतला, त्यामुळं ३४ फुटांची नळी हातभर झाली. पारा ७६० च्या आसपास थांबला. हवेलाही वजन आहे हे तिथं दिसलं. कडोलीत ३४ नाही, कागदावर ३१ फूट, कारण आपली हवा पातळ. त्यातून पाइपचं घर्षण, गळती आणि मेस्त्री वजा करा.

---

निपाणीकर | ३:०५

सगळं खरं, पण मग अजून बदललं का नाही? जगानं दाबाला पास्कल हे एकक मान्य केलंय. १२०/८० म्हणजे १६/१०.७ किलोपास्कल. पारा गेला, पेटी गेली, तरी मिलिमीटर पारा म्हणत बसायचं हा निव्वळ आळस. पन्नास वर्षांपूर्वीच सोडायला हवं होतं.

---

मांडेवाली | ३:२२

निपाणीकर, तुमची जमीन किती हो? हेक्टरमध्ये सांगा पाहू.

---

निपाणीकर | ३:३०

...साडेबावीस गुंठे. बरं, कळलं.

---

उगाच आलो | ३:३४

आणि सोनं तोळ्यात. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून पाटीवर बेळगावी, तरी कंडक्टरला आपण काय म्हणतो? कागदावर किलोपास्कल, तोंडात पारा!

---

संपादक मंडळ | ३:४१

पाटीचा विषय इथंच थांबवा. या विषयावर चार धागे आधीच कुलूपबंद आहेत. बीपीवर बोला, बीपी वाढवू नका.

---

घाटाखालचा | ४:१०

जाता जाता, माझी भाची फ्रान्समध्ये असते. तिथं डॉक्टर म्हणतात "बारा-आठ". मला वाटलं रेल्वेची वेळ सांगतेय. तिकडं सेंटीमीटर पाऱ्यात बोलतात. तिला इथल्या डॉक्टरांनी "एकशेवीस" सांगितलं तेव्हा तिच्यासोबतची फ्रेंच मैत्रीण घाबरून उठून उभी राहिली.

---

रात्रपाळी | रात्री ११:५०

ड्युटीवर आहे, वेळ मिळाला तसं लिहितोय. मी डॉक्टर आहे, पण कातरसुईंच्या बाबांना तपासलेलं नाही. त्यामुळं गोळी घ्या किंवा घेऊ नका असं इथं सांगणार नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

निपाणीकर, बदल न होण्याचं कारण आळस एवढंच नाही. आमच्या डोक्यात १४०/९० च्या पुढं बीपी जास्त, ही रेघ पक्की आहे. (अमेरिकेतल्या संस्थांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली, सगळ्यांनी मान्य केली नाही.) घाईत, रात्री तीनला, नर्स ओरडून सांगते "सत्तर!" आणि मी धावतो. तिथं ९.३ किलोपास्कल ऐकून मला विचार करावा लागला तर रुग्णाचं काय? एककाचा बदल म्हणजे चुकांना आमंत्रण.

पण खरं सांगू? सकाळपासून तुम्ही एककावर भांडताय आणि मापातला मोठा घोळ दुसरीकडंच आहे. ओपीडीत जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधतात. पाच मिनिटं शांत बसू द्यायला हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मूत्राशय रिकामं, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. मोजताना गप्पा नाहीत. आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. इथं पुन्हा तुमचा खांबच येतो: रक्ताचाही खांबच असतो. हात १० सेंटीमीटर खाली लोंबला की साडेसात-आठ मिमीनं आकडा वाढतो. १३८ चे १४६ व्हायला तेवढं पुरे.

---

लालमाती | सोमवार, सकाळी ६:३०

डॉक्टर, पट्ट्याच्या मापाचं पण सांगा. मी तालमीतला, दंड १६ इंच. भरतीच्या तपासणीला एका ठिकाणी १५२ आलं, म्हणाले अनफिट. वस्ताद सोबत होते, म्हणाले पोराचा दंड बघा आणि तुमचा पट्टा बघा, लंगोट पुरेना झालाय. दुसरीकडं मोठा पट्टा लावला तर १३४. वस्तादांना विज्ञान कुणी शिकवलं नव्हतं.

---

रात्रपाळी | ७:०५

वस्ताद बरोबर. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. अपुरा पट्टा आकडा फुगवून सांगतो. गंमत म्हणजे हा पट्टा शोधणाऱ्या रिवा-रोच्चीचीच (इटली, १८९६) पहिली चूक तीच होती: त्याचा पट्टा पाच सेंटीमीटरच्या आसपास, फारच अरुंद. काही वर्षांत तो रुंद झाला. त्याला फक्त वरचा आकडा मिळायचा, नाडी चाचपून. खालचा आकडा १९०५ मध्ये रशियातल्या कोरोतकॉफनं आल्यानं आवाज ऐकून दिला. जर्मन डॉक्टर अजून केसपेपरवर बीपीऐवजी 'आरआर' लिहितात, ते रिवा-रोच्चीच.

---

जुना कंपौंडर | ९:३०

सगळं मान्य, पण बॅटरीच्या मशीनवर माझा विश्वास नाही. एकदा १२७/८३, दोन मिनिटांनी १३३/७९. हे काय माप झालं? पारा असला चळ दाखवत नसे. पारा खोटं बोलत नाही.

---

रात्रपाळी | दुपारी १:१५

काका, आदर ठेवून: पारा खोटं बोलत नव्हता, आपण बोलत होतो. जुन्या केसपेपरवर तुम्ही कधी १२७ लिहिलंत? पट्टीवर रेघा दोन-दोनच्या, म्हणून विषम आकडा यायलाच जागा नाही. आणि गर्दीत सगळ्यांचं १२०/८०, १३०/८०, १४०/९०. शेवटी शून्य आवडायचं सगळ्यांना. दाब दर ठोक्याला हलतो. मशीन ते दाखवतं, आपण ते गोल करून झाकत होतो.

मशीनची खोड वेगळी. ते आवाज ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं. थरथर सर्वात मोठी असते तिथं मधला म्हणजे सरासरी दाब, आणि त्यावरून कंपनीच्या सूत्रानं वरचा-खालचा काढतं. नाडी फारच अनियमित असेल तर फसतं. म्हणून चांगलं तपासलेलं मशीन घ्यायचं, दंडाचं, मनगटाचं नको, आणि वर्षातून एकदा दवाखान्यातल्याशी ताडून बघायचं.

---

जुना कंपौंडर | २:००

...१२०/८० चं बरोबर पकडलंत. संध्याकाळी साठ पेशंट असायचे.

---

मांडेवाली | २:२५

काका, मन मोठं आहे तुमचं. पण पारा गेला ते बरंच झालं. आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर घेऊन आम्हा पोरांना खेळवलं होतं. संध्याकाळी त्यांची सोन्याची अंगठी पांढरी पडली. सोन्यात पारा शिरला होता. सराफाकडं नेली तर तो म्हणाला, अक्का, हिला भट्टीशिवाय इलाज नाही. अंगठीचं दिसलं, आमच्या पोटात-फुप्फुसात काय गेलं ते देव जाणे.

---

जुना कंपौंडर | २:५०

माझीही अंगठी गेली होती, ताई. पेटी गळायची, आम्ही कागदानं गोळा करून परत टाकीत ओतायचो. खोलीला खिडकीही नव्हती. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

---

रात्रपाळी | ३:१०

त्याची वाफ जास्त वाईट. कुणाच्या घरी जुनं थर्मामीटर फुटलं तर केरसुणी लावू नका, त्यानं थेंब बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, जाड कागदानं गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. जपानातल्या मिनामाताच्या नावानं २०१३ मध्ये पाऱ्याचा वापर कमी करण्याचा करार झाला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. पाऱ्याच्या पेट्या दवाखान्यांतून चालल्यात त्या त्यामुळं.

---

उद्यमबाग | ३:४५

अवांतर: म्हणजे गावोगाव पेट्या गेल्यावरही एककातला पारा तसाच राहणार, पण कागदावरचा. व्याख्येत तो शून्य अंश तापमानाचा, ठरलेल्या घनतेचा, आणि एक मिमी म्हणजे १३३.३२२ पास्कल असं बांधून टाकलंय. खरा पारा मे महिन्यात फुगतो. १२० वर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक. कंपौंडरकाका, तेवढं माफ.

---

उगाच आलो | ३:५२

शहापुरात मे महिन्यात माणूसही फुगतो. आंबा आणि कुंदा.

---

कातरसुई | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण आठवडाभर घरी मोजत होतो. दंडाचं मशीन आणलं. रोज सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाआधी, दोन-दोनदा. हाताखाली बाबांची जुनी इस्त्रीची उशी, बरोबर हृदयाच्या पातळीला येते. पहिल्या दिवशी पट्टा आवळल्यावर बाबा म्हणाले, "बाही घट्ट झाली." सरासरी आली १४१/८६. वही घेऊन गेलो, डॉक्टरांनी नीट वाचली, गोळी सुरू केली. मीठ कमी, लोणचं-पापड बंद. १३० च्या खाली आणू म्हणाले.

बाबांना समजावण्याचं काम मुलानं केलं. पारदर्शक पाइपचा वाकडा तुकडा, रंगीत पाणी, एका टोकाला फुंकर. पाणी दुसऱ्या बाजूला चढलं. बाबांनी खिशातून टेप काढला आणि मोजलं! मग म्हणाले, "एवढंच होय? मग इंचात सांगायचं की."

आणि लगेच टेपवर बोट ठेवलं. १४६ म्हणजे पावणेसहा. ८८ म्हणजे साडेतीनला किंचित कमी. सगळे म्हणतात ते १२० म्हणजे पावणेपाच. डॉक्टरांचे १३० म्हणजे पाच इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "कापड तेच आहे, फक्त पाच सूत आत घ्यायचंय." गोळी रोज स्वतःहून घेतात.

---

उद्यमबाग | ७:०२

पाच सूत म्हणजे १५.९ मिमी. १४६ वजा १५.९ म्हणजे १३०.१. बाबांचा हिशोब चोख आहे, नमस्कार सांगा.

---

रात्रपाळी | ७:३०

उद्यापासून माझ्या ओपीडीत टेप ठेवतो. बाबांना सांगा, महिनाभरानं वही पुन्हा दाखवा, मधेच बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका.

---

मांडेवाली | ७:५१

बाबा अजून ब्लाउज शिवतात का? माझ्या विपूत (विचारपूस पानावर) लिहा.